दिवा लावणाऱ्याचं नाव

गेल्या गणपतीत गावी गेलो तेव्हा मंडळाने माझ्या गळ्यात एक काम घातलं. आमच्या वाडीतल्या देवळाचा जीर्णोद्धार झाला होता. कौलं गेली, स्लॅब आला, गाभाऱ्याला टाइल्स लागल्या. राहिली होती फक्त देणगीदारांची फरशी. पाच हजार एक आणि त्यापुढे देणाऱ्यांची नावं संगमरवरावर कोरायची, असं मुंबईच्या मीटिंगमध्ये ठरलेलं. पावतीपुस्तकं सहा, तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली, आणि निम्म्या पावत्यांवर नुसतंच 'दादा, विरार'. "तू कॉम्प्युटरवाला ना? मग यादी तू कर," असं काकांनी सांगितलं आणि पिशवी माझ्या हातात दिली.

ही पिशवी घेऊन मी चेन्नईला परत आलो, कारण नोकरी तिथे आहे. एक्सेल उघडली, कॉलम पाडले: अनुक्रमांक, नाव, मुक्काम, रक्कम. चार रविवारांत काम संपायला हवं होतं. ते संपलं नाही, कारण मधल्या एका शनिवारी मी तंजावरला जाऊन आलो.

आधी गावाबद्दल दोन ओळी. पोलादपूर तालुक्यातलं उमरठ तुम्हाला माहीत असेल. तानाजी मालुसरेंची समाधी तिथे आहे, शेजारी शेलारमामांची. ४ फेब्रुवारी १६७० ला तानाजी सिंहगडावर पडले आणि त्यांचा देह मढेघाटाने खाली कोकणात, उमरठला आणला. दरवर्षी माघ वद्य नवमीला पुण्यतिथी होते, गाड्या येतात, भगवे लागतात, भाषणं होतात. आमची वाडी याच पंचक्रोशीतली. लहानपणापासून आम्ही ते भाषण ऐकत आलोय, आणि त्यात नावं तीनच येतात: तानाजी, सूर्याजी, शेलारमामा. बाकीचे 'मावळे'. त्या रात्री कडा चढलेल्यांत आमच्या वाडीतलं कुणी होतं का, हे आम्हाला माहीत नाही. असणार, असं सगळे म्हणतात. नाव मात्र कुणाला सांगता येत नाही.

तंजावरला मी गेलो तो खरं तर मराठी माणसाच्या साध्या हौसेने. 'तिथे आपलं राज्य होतं' एवढीच माहिती घेऊन. एग्मोरहून रात्रीच्या गाडीने निघालो, सकाळी उतरलो. स्टेशनबाहेर फिल्टर कॉफी, केळीच्या पानावर इडली, दारादारांत तांदळाच्या पिठाची रांगोळी. तिथे तिला कोलम म्हणतात. सकाळी बायका उंबऱ्यापुढे पाणी मारून ती काढतात आणि दुपारपर्यंत लोकांच्या पायांनी पुसली जाते. दुसऱ्या दिवशी परत काढायची. कुणी तिच्याखाली सही करत नाही.

आणि मग ते देऊळ. बृहदीश्वर. राजराज चोळाने बांधलं, १०१० मध्ये पूर्ण झालं. दोनशे फुटांहून उंच विमान, सगळं ग्रॅनाइट. आकाराबद्दल मी लिहीत नाही, फोटो तुम्ही पाहिलेच असतील. मला सांगायचंय ते भिंतींबद्दल. या देवळाच्या भिंती खालून वाचाव्या लागतात. जोत्यावर, पट्ट्यापट्ट्यांनी, शेकडो ओळी तमिळ अक्षरं कोरलेली आहेत. मला तमिळ बसचा बोर्ड वाचण्यापुरतं येतं, आणि ती लिपी तर आजच्यापेक्षा जुनी. पण या लेखांची भाषांतरं शंभरेक वर्षांपूर्वीच छापली गेली आहेत आणि मोबाइलवर मिळतात. मी प्राकाराच्या सावलीत बसून ती वाचत होतो.

मला वाटलं होतं, राजाची स्तुती असेल. ती आहेच. पण बहुतेक मजकूर हिशेबाचा आहे. सुरुवातीलाच राजाची आज्ञा आहे: मी जे दिलं, माझ्या थोरल्या बहिणीने जे दिलं, राण्यांनी दिलं आणि इतरांनी दिलं, ते सगळं दगडावर कोरा. म्हणजे देणगीदारांची फरशीच, हजार वर्षं जुनी. मला हसू आलं. राजालाही मंडळाचीच हौस.

पुढे वाचलं आणि हसू थांबलं. त्याच भिंतीवर दुसरी यादी आहे. देवळाच्या सेवेसाठी ठिकठिकाणच्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तिका. चारशेच्या चारशे, नावांसकट. प्रत्येकीचं नाव, ती मूळची कुठल्या देवळातली, आणि तंजावरात कुठल्या रस्त्याच्या कुठल्या ओळीत तिचं कितवं घर. बहुतेकींच्या नावाआधी 'नक्कन' येतं. तिरुवारूरहून आलेल्या बऱ्याच. प्रत्येकीला एक घर आणि वर्षाला शंभर कलम भात. त्यांच्यामागून नृत्य शिकवणारे, गाणारे, वाजवणारे, हिशेबनीस, छत्र धरणारे, दिवे लावणारे, पाणी शिंपडणारे, कुंभार, परीट, न्हावी, शिंपी, सुतार, सोनार. कुणाला किती हिस्सा, तेही.

तिथे बसून मला माझी एक्सेल आठवली. माझ्या फाईलमध्ये रक्कम हा कॉलम होता. काम हा कॉलमच नव्हता.

आमच्या देवळात दिवा लावते ती आक्का. सगळी वाडी तिला आक्काच म्हणते. नवरा गिरणीत होता, संपानंतर गावी आला आणि लवकर गेला. तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला देवळात वात घालणं, अंगण झाडणं, पावसात गाभाऱ्यात शिरलेलं पाणी उपसणं, हे तिचं. गुरव सणावारी येतो, त्याची चार गावं आहेत. उरलेले तीनशे दिवस आक्का. कुणी नेमलेली नाही. वाडीत आता वर्षभर उघडी असतात ती अकरा घरं, बाकीच्यांना कुलपं. मुंबई, ठाणे, विरार, पुणे, आणि माझ्यासारखे त्याहून लांब. गणपती आणि शिमग्याला आम्ही येतो, देवळात दिवा तेवत असतो, आणि आम्हाला वाटतं देवळात दिवा असतोच.

माझ्या यादीत आक्का नव्हती. तिने एकशे एक दिले होते. तेवढ्याची पावती फाडतात, नाव कोरत नाहीत.

तर प्रश्न साधा आहे: देवळाच्या दगडावर नाव कुणाचं असावं? ज्याने पैसे दिले त्याचं, की ज्याने काम केलं त्याचं?

उत्तर सोपं वाटतं आणि म्हणून मला त्याची भीती वाटते. 'अर्थात कष्ट करणाऱ्याचं' असं लिहून, चोळ राजाचं कौतुक करून, शंभर लाइक घेता येतील. पण तंजावरची यादी तशी वाचणं लबाडीचं आहे. त्या चारशे बायकांची नावं त्यांच्या सन्मानासाठी कोरलेली नाहीत. त्या 'आणल्या' गेल्या. कुणी त्यांना विचारलं का, हे भिंत सांगत नाही. घर क्रमांकासकट नाव लिहिणं म्हणजे हजेरीपट सुद्धा असू शकतो. माझ्याही कंपनीत माझं नाव, खुर्ची, पगार लिहिलेला आहे, त्याला मी सन्मान म्हणत नाही. आणि नाव कोरून या बायकांच्या वारसांचं पुढे भलं झालं असंही नाही. नऊ शतकांनी त्याच परंपरेतल्या बायकांना लोक नावं ठेवू लागले होते, आणि १९४७ च्या मद्रास कायद्याने मुली देवाला वाहण्याची प्रथा बंद केली. दगडावरच्या नावाने त्यांना वाचवलं नाही.

शिवाय त्या भिंतीवर कोण नाही तेही पाहायला हवं. देवळाला दिलेल्या गावांच्या जमिनीचा तिथे हिशेब आहे. त्यात गावठाण, तळी, कालवे, स्मशान यांच्यासोबत परैयारांची वस्ती येते, ती सारा न लागणारी, वजा केलेली जमीन म्हणून. वस्ती आहे, पण तिच्यातल्या एकाही माणसाचं नाव नाही. शेत पिकवणारे हात तिथले होते आणि भात भिंतीवरच्या नावांना मिळत होता. मी महाडकडचा आहे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी हातात घेतलं, ते ठिकाण आमच्या एसटीच्या रस्त्यावर आहे. तेव्हा 'यादीत सगळे होते' असं मला तरी म्हणवत नाही. प्रत्येक यादी कुणाला तरी वगळूनच पूर्ण होते.

आता दुसरी भिंत. त्याच देवळाच्या प्राकारात मराठी लेख आहे. मी खास तो बघायलाच गेलो होतो. १८०३ सालचा. सरफोजीराजे दुसरे यांनी भोसले घराण्याचा इतिहास तिथे कोरून घेतला. अवाढव्य आहे, भिंत संपते पण वंश संपत नाही. इतक्या दूर, तमिळ गर्दीत, ओळखीची अक्षरं दिसली की छाती भरून येते, हे खोटं बोलण्यात अर्थ नाही. मीही फोटो काढले, घरच्या ग्रुपवर टाकले.

मग तारखांकडे लक्ष गेलं. व्यंकोजीराजांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाने, १६७० च्या दशकात तंजावर घेतलं. तानाजी पडले तेच दशक. सरफोजी गादीवर आले १७९८ मध्ये आणि १७९९ मध्ये राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे राहिला तो किल्ला आणि तनखा. म्हणजे घराण्याचा एवढा मोठा इतिहास कोरला गेला तो राज्य हातातून गेल्यावर चार वर्षांनी. १८५५ मध्ये पुढचे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने उरलंसुरलंही संपवलं. मला वाटतं, जे हातातून निसटतंय त्याचंच नाव माणूस सगळ्यात मोठं कोरतो. आमच्या फरशीचंही तसंच आहे का? घरांना कुलपं लागली आणि मग मुंबईकरांना देवळात नाव हवंसं झालं. मी यात नावं ठेवत नाही. अकरा हजार एकशे अकरा देणाऱ्यांत मीही आहे.

पण सरफोजींना नुसत्या त्या भिंतीवरून मोजलं तर अन्याय होईल. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. ताडपत्रं, पोथ्या, मोडीचे रुमाल. आपल्याकडच्या वाचकाला एक गंमत सांगतो. पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांनी शिवाजी महाराजांवर संस्कृतात शिवभारत लिहिलं, अपुरं राहिलं. कवी पोलादपुरात विसावला आणि त्याच्या ग्रंथाची पोथी मिळाली तंजावरला. १९२७ मध्ये स. म. दिवेकरांनी तो ग्रंथ प्रसिद्ध केला. मधल्या काळात कुणीतरी ती पोथी वाळवीपासून सांभाळली, उन्हात ठेवली, फडक्यात बांधली. ते कोण, हे मला सांगता येत नाही. पण ते नसते तर कवीचं नाव समाधीपुरतंच राहिलं असतं.

आणि ओरत्तनाडूचं छत्र. सरफोजींची मुक्तांबा नावाची प्रेयसी होती, राणी नव्हे. तिच्या नावाने त्यांनी तिथे छत्र बांधलं. रामेश्वरला जाणाऱ्या वाटसरूंना तिथे जेवण आणि निवारा मिळायचा. मुक्तांबाळ छत्र. हे नाव मला वेगळं वाटलं. हे नाव दगडावर बसून राहिलं नाही, ते वाढपाचं काम करत होतं. भुकेल्या माणसाने तिचं नाव घेतलं ते 'कुठे जेवलास?' या प्रश्नाचं उत्तर म्हणून.

तंजावरच्या रोजच्या जगण्यात मराठी अशीच उरली आहे, कामापुरती. तिथल्या हरिकथेत अजून साकी, दिंडी, ओवी, अभंग हे शब्द चालतात. मराठी कीर्तनकारांनी नेलेली चाल, तमिळ तोंडात. तिथल्या जुन्या मराठी घरांत बोलली जाणारी मराठी ऐकली तर अर्धी कळते, अर्धी कळत नाही. ते लोक परत आले नाहीत. तानाजींना उमरठला आणलं, व्यंकोजींच्या माणसांना कुणी आणलं नाही. ती तिकडचीच झाली. संध्याकाळी त्या देवळाच्या अंगणात शेकडो माणसं नुसती येऊन बसतात. गवतावर पोरं लोळतात, म्हाताऱ्या बायका डब्यातून दहीभात काढतात. तिथे बसलेल्यांपैकी कोण मूळचा कुठला, हे कुणी विचारत नव्हतं. मलाही नाही.

परतीच्या गाडीत मी तीच भाषांतरं पुढे वाचली आणि दोन गोष्टी सापडल्या. त्यांच्यामुळेच हा लेख लिहितोय.

पहिली दिव्यांची. चोळांच्या काळी नंदादीप लावायचा तर मेंढपाळाकडे जनावरं सोपवायचे. एका दिव्याला साधारण शहाण्णव मेंढ्या. त्याने रोज एक उळक्कु, म्हणजे लहान मापभर, तूप द्यायचं. कायमचं. चोळ लेखांत अशा मेंढ्यांना 'न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या' म्हटलेलं असतं. मेंढी मरतेच. पण जी मेली तिच्या जागी कळपातलीच दुसरी मोजायची, आकडा शहाण्णवच ठेवायचा. अमर आहे ती मेंढी नव्हे, अमर आहे ती जबाबदारी. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. दहा वर्षं जुन्या सिस्टीममध्ये पहिल्या माणसाने लिहिलेली एक ओळ उरलेली नसते, तरी सिस्टीम तीच असते, कारण कुणीतरी आळीपाळीने जागं राहिलेलं असतं.

दुसरी त्या हिश्श्यांची. यादीसोबत नियम दिलाय: हिस्सा असलेला माणूस मेला किंवा परमुलखात निघून गेला, तर जवळच्या नातेवाइकाने तो हिस्सा घ्यावा आणि ते काम करावं. तो लायक नसेल तर त्याने लायक माणूस शोधून द्यावा.

'निघून गेला तर'. हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी धरून चाललं होतं की लोक जाणार. जाणाऱ्याला शिव्या दिलेल्या नाहीत, थांबवलेलं नाही. फक्त विचारलंय: तुझ्या जागी कोण?

इथे माझा प्रश्न बदलला. मी विचारत होतो, नाव कुणाचं कोरावं. तो मानाचा प्रश्न आहे, आणि मान वाटायला बसलं की भांडण होतं. पण नाव लिहिण्याची दोन कारणं असतात. एक, 'याने केलं, याला विसरू नका.' दुसरं, 'याचं आपण देणं लागतो, आणि हा नसेल तेव्हा हे काम आपल्यावर आहे.' पहिलं नाव मागे बघतं. दुसरं नाव येणाऱ्याला बांधून घेतं. चोळांच्या यादीत जे चांगलं आहे ते नर्तिकांची नावं कोरली एवढंच नाही. नावापुढे शंभर कलम भात लिहिलाय, हे आहे. देवळाने स्वतःवर कर्ज लिहून घेतलं. आमच्या फरशीवर देवळाने लोकांकडून काय घेतलं ते लिहिणार आहोत. देऊळ कुणाचं देणं लागतं, त्याला जागाच ठेवलेली नाही.

मी काकांना फोन केला. म्हटलं, फरशीवर दुसरी ओळ टाकूया, सेवा करणाऱ्यांची. काका गप्प झाले. मग म्हणाले, "गुरवाचं टाकायचं? पाणक्याचं? ढोल वाजवतात त्यांचं? एकाचं टाकलं की दहा जण विचारतील." हे खोटं नव्हतं. मी म्हटलं, दहाही टाकू. ते म्हणाले, "अक्षरागणिक पैसे घेतो रे तो." तेही खोटं नव्हतं. शेवटी म्हणाले, "तिलाच विचार."

विचारलं. शेजारच्या पोराने आक्काच्या कानाला फोन लावून दिला. मला वाटलं होतं ती लाजेल, किंवा मनातून खूश होईल. ती म्हणाली, "माजं नाव कशाला रं पोरा? नाव लावून दिवा पेटतोय व्हय? माज्या मागं कोन लावनार, त्येचं नाव लिव."

चोळांच्या हिशेबनिसाने लिहिलेली अट तिने एका वाक्यात सांगितली, आणि तिने तंजावर ऐकलेलं सुद्धा नाही.

तिचं म्हणणं मी सोयीने वापरू शकतो, हे मला दिसतंय. 'बघा, तिलाच नाव नकोय' असं म्हणून फरशी जशीच्या तशी लावता येते. निरपेक्ष सेवेचं कौतुक करणं हा फुकट काम करून घेण्याचा जुना मार्ग आहे. घराघरांत आयांच्या बाबतीत आपण तेच करतो. तिला नाव नको असेल, तो तिचा मोठेपणा. आपण देणं लागतो की नाही हे तिच्या मोठेपणावर ठरत नाही. म्हणून मी मंडळाच्या ग्रुपवर तीन गोष्टी टाकल्या. दिवाबत्तीसाठी दर महिन्याला ठरावीक रक्कम, वर्गणीतून, आक्काच्या खात्यात. फरशी छोटी करून त्यातून वाचतील ते पैसे त्याच कामाला. आणि देवळात एक वही, तिच्यात कामाचं नाव, करणाऱ्याचं नाव, आणि तिसरा रकाना: नंतर कोण.

बावीस जणांनी हात जोडलेली चिन्हं टाकली. दोघांनी विचारलं, त्यांचं नाव फरशीवर राहणार ना. एकाने लिहिलं, तू चेन्नईत बसून सांगतोस, इथे येऊन लाव दिवा. त्याचं बरोबर आहे. हे मी त्याला लिहिलंही. मी परत येणार का, मला ठाऊक नाही. घरचे विचारतात तेव्हा मी विषय बदलतो. पण जाणाऱ्याचं काम संपत नाही, एवढं आता मला नीट कळलंय. स्वतः करता येत नसेल तर माणूस शोधून द्यायचा, आणि त्याचा भात चुकवायचा नाही.

महिन्याची रक्कम मंजूर झाली. फरशी छोटी नाही झाली. दिवाळीनंतर ती लागली, सतरा नंबरवर माझं नाव आहे, आडनावात एक काना जास्त पडलाय. वही काकांनी आणली, शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलंय: दिवाबत्ती. त्यापुढे आक्काचं पूर्ण नाव. ते वाडीतल्या बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळलं. फोटो ग्रुपवर आला तेव्हा मी तो मोठा करून पाहिला. तिसरा रकाना रिकामा आहे.

माघ वद्य नवमीला मी गावी जाणार आहे. उमरठला भाषण होईल, मग संध्याकाळी आमच्या देवळात बसायचं ठरलंय. अकरा घरांतले जे येतील ते, आणि आमच्यासारखे सुट्टी काढून आलेले. त्या रकान्याचं काहीतरी करायला हवं.